फोटोतली माय

रविवार होता. मी आणि माय ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलो होतो. म्हणजे सोलत मी होते. माय शेंगांच्या ढिगाकडे पाहत होती आणि तिच्या उजव्या हाताचा अंगठा बोटावर फिरत होता, वात वळावी तसा. जानेफळात या हाताची सगळ्यांना सवय झाली होती. "मास्तरीनबाईच्या वाती काई सरत नाई बापा," असं बाया म्हणायच्या; बाबा शाळामास्तर, म्हणून माय मास्तरीणबाई. एकदा शेजारच्या रुक्मिणीबाईंनी खरोखरच कापूस आणून तिच्या चिमटीत ठेवला. कापूस येताच बोटं थांबली. वात काही झाली नाही. कापूस काढून घेतला तशी बोटं पुन्हा फिरू लागली. "हे तं सोंगच दिसते," असं रुक्मिणीबाई म्हणाल्या, आणि पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडे चहा पिता पिता तेच म्हणत राहिल्या.

मायचा आजारच असा होता की पाहणाऱ्याला सोंग वाटावं. ढिगातली शेंग तिला उचलता येत नसे, हात निघायचाच नाही. पण मी तीच शेंग तिच्याकडे फेकली की ती टपकन झेलायची. सपाट जमिनीवर तिचे पाय अडायचे. पुढे जायचं आहे हे तिला कळत असे, पायांना कळत नसे. आणि उंबरा आला की तो ती तरण्या पोरीसारखी ओलांडून जायची.

यावर उपाय शोधला होता कलावहिनीनं, म्हणजे माझ्या भावाच्या बायकोनं. एका दिवाळीत तिनं ओसरीभर रांगोळी घातली होती. रोज दोघींनी धरून न्यावी लागणारी माय एकेक रेघ ओलांडत कुठेही न थांबता अंगणात गेली. तेव्हापासून वहिनी रोज सकाळी मायच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत सारवलेल्या जमिनीवर पांढऱ्या आडव्या रेघा ओढायची, पावलापावलावर एक. पाहुणे विचारायचे, हे कशाचं व्रत? वहिनी म्हणायची, "व्रत नाई, आत्याबाईची सडक हाय."

मी शेंगा फेकत होते, माय झेलत होती. झेललेली शेंग तिच्या मुठीतच राहायची. मग ती काढून घेऊन मी सोलायची. असं आमचं काम चाललं होतं. मी तिला खामगावच्या माझ्या शाळेतल्या गोष्टी सांगत होते. आठवीतल्या एका मुलीनं निबंधात लिहिलं होतं की तिचा आवडता प्राणी म्हणजे हेडमास्तरीणबाई. सांगता सांगता मीच हसले. मायच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. तो कधीच हलत नसे. कपाळाला आठी नाही, डोळ्याच्या कोपऱ्याला सुरकुती नाही, सुनेपेक्षाही नितळ गाल. पापणीसुद्धा क्वचित लवायची. माझं हसून झालं, दोन शेंगा सोलून झाल्या, आणि मग ती एका सुरात, घाईघाईनं, शेवट गिळत म्हणाली, "प्रानीच असन थे."

मी पुन्हा हसले. ती ढिगाकडे पाहत होती.

"गाडी चुकन तुही," ती म्हणाली.

मी उठले, पिशवी घेतली. वहिनीनं सोल्यांची पुडी बांधून दिली. पुढच्या रविवारी येते, असं मी मायला सांगितलं. ती काही म्हणाली असेल, तर मी तोवर उंबऱ्याबाहेर होते.

दुसऱ्या दिवशी पाणी पिताना तिला ठसका लागला, छाती भरली, ताप चढला. शाळेत तार आली तेव्हा मी मुलींना व्याकरण शिकवत होते.

*

तेरवीच्या आदल्या दिवशी सकाळच्या एसटीनं खामगावहून भगवान पेंटर आला.

तेरवीला पाटावर ठेवायला फोटो हवा होता आणि मायचा एकच फोटो होता, दादाच्या लग्नातला, पंधरा वर्षांपूर्वीचा. पुढच्या रांगेत खुर्चीवर माय, शेजारी बाबा, मागं पाहुण्यांची दाटी. उद्धवदादानं तो पेंटरला नेऊन दिला होता. मायला त्या गर्दीतून एकटीला काढायचं, मोठं करायचं आणि रंग भरायचा. सिनेमाच्या पाट्या, ट्रकच्या मागचे मोर आणि गेलेली माणसं, या तिन्हींत भगवान पेंटरचं नाव होतं. मोठा केलेला फोटो तो वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आला होता, रंगाची पेटीही सोबत होती. आजच्या आज रंगवून संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं. पण चेहऱ्याला ब्रश लावायच्या आधी त्याला घरच्यांना काही विचारायचं होतं.

सगळे ओसरीवर जमले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. दादाचं डोकं तुळतुळीत होतं आणि तो सारखा त्यावरून हात फिरवत होता. चिखलीहून आलेली माझी थोरली बहीण वच्छलाअक्का आणि साखरखेर्ड्याहून आलेली सुभद्रामावशी, मायची धाकटी बहीण, दोघी एका सतरंजीवर होत्या. वहिनी दाराशी परातीत रवा चाळत होती. सुतकात रांगोळी नसते, त्यामुळे ओसरीची जमीन कोरी होती. रेघा असल्यासारखे बाबा तिच्यावरून अजूनही बाजूबाजूनं चालत.

पेंटरनं कागद सोडला आणि फोटो भिंतीला टेकवून उभा केला.

"पाहा मास्तर. काम म्या मन लावून केलं. पन राग नोका मानू, बाई रागावल्यावानी दिसून राह्यल्या. उद्या पंगत बसन, अन् बाई अशा पाह्यतीन. लाडूले हात लावाले भ्यातीन लोक."

मावशीला हसू आलं, तिनं पदर तोंडावर धरला.

"अन् हे डोये," पेंटर म्हणाला. "वर लागले हायेत. थे खाली आनतो."

फोटोत मायचे डोळे नुकते चढायला लागले होते. घरात आम्ही असंच म्हणायचो, 'मायचे डोळे चढले.' बुबुळं वर जाऊन तिथंच अडकायची, मान मागं जायची, आणि घटका दोन घटका ती तशीच राहायची. कोणी बोललं तर तिला ऐकू जायचं, पण नजर खाली येत नसे. सुरुवातीला गावात बातमी पसरली की मास्तरीणबाईच्या अंगात येतं. बाया खण-नारळ घेऊन येऊ लागल्या. सुनेचं केव्हा होईल, बैल कुठं गेला, असं विचारू लागल्या. बाबा शाळेत असत, आणि आमची आजी नारळाला नाही म्हणणारी नव्हती. त्या वर्षी आमच्याकडे चटणीला खोबरं कमी पडलं नाही. मोठेपणी मी एकदा मायला विचारलं, तेव्हा तुला काय दिसायचं? ती म्हणाली, "छताच्या कड्या. एक कडी किडेल होती. कोनी माह्यं ऐकेच ना."

"हसरं करून देतो," पेंटर म्हणत होता. "ओठाची कोर जराशी उचलतो, गालाले सावली देतो, डोयाच्या कोन्याले दोन रेघा मारतो. कोनाले समजत नाई. खामगावात चौघाजनाले हसवलं म्या मेल्यावर. जित्तेपनी कधी हसले नोते."

"करा," दादा लगेच म्हणाला. "हसरीच करा. माय हसरीच होती."

"होतीच," अक्का म्हणाली. "असा चेहरा कधी होता तिचा?"

"नको," मी म्हटलं.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही थोडी दचकले. घरात नको म्हणायची मला सवय नव्हती. मी रविवारी येणारी होते. घरातलं हवं-नको घरात राहणाऱ्यांकडे असे.

"काऊन नोको?" दादानं विचारलं.

"तो चेहरा तिचा असणार नाही. पेंटर जो काढतील तो."

"अन् हा हाय तिचा?" दादानं फोटोच्या कपाळावर बोट ठेवलं. "हा बीमारीचा चेहरा हाय. मायचा नोता कधी."

त्या क्षणी दादा काय पाहत होता, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. ते त्यानं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं, मळ्यात मिरचीच्या वाफ्यावर बसून, माझ्याकडे न पाहता. तो पाच-सहा वर्षांचा होता. बाबांची टोपी घालून, ओठावर काजळाची मिशी काढून तो शाळातपासनीस व्हायचा आणि मायला पाढे विचारायचा. माय पाढे मुद्दाम चुकायची आणि मग हसायची. एक दिवस ती हसली नाही. त्याला वाटलं, खेळ जुना झाला. त्यानं नवा काढला. तो कोंबडा झाला, गाढव झाला, आंधळा फकीर झाला. एकदा तो आजीच्या लुगड्यात गुरफटून जिन्यावरून पडला, आणि पडलेला तसाच राहून वर पाहत होता की आता तरी. मायनं त्याला उचललं, धूळ झटकली, आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. वर्षभर तो खेळत राहिला. मग त्यानं सोडून दिलं, आणि आमच्या घरातला सगळ्यात गंभीर माणूस झाला. पेंटरच्या ब्रशनं का होईना, कागदावर का होईना, त्याला एकदा ते परत आणायचं होतं.

पण हे त्यानं तेव्हा सांगितलं नाही. तो फक्त म्हणाला, "बीमारीले हार घालाचा हाय का तुले? उद्या गाव येईन."

चाळणीचा आवाज थांबला.

"म्हंजे?" वहिनी म्हणाली.

"म्हंजे काय?"

"बीमारीचा चेहरा म्हनलं तुमी."

"मंग हायच."

"मंग म्या पंधरा वर्सं कोनाचं केलं? बीमारीचं?"

आदल्या दिवसापर्यंत वहिनी दादाच्या बाजूची होती. फोटो चांगला झाला पाहिजे, पाहुण्यांत नाव ठेवायला जागा नको, हे तिनंच त्याला सांगून पाठवलं होतं. आता ती रव्याचे हात तसेच धरून पुढे आली.

"कले, तसं नाई म्हनत मी—"

"तसंच म्हनलं. मामाजी बसेल हायेत, म्हनून मी हळू बोलतो. हे तोंड म्या रोज धुतलं. या तोंडात घास देल्ला. नवी आली होतो तवा मलेबी वाटे, सासू रागावली. पयल्या दिवशी भाकर वाढली अन् चुलीपाशी जाऊन रडलो. मंग समजलं. चहा आवडला की आत्याबाई कप लवकर परत देत ना. नाई आवडला तं कप हातातच नाई घेत. मी तोंडाकडं पाहानंच सोडलं, कपाकडं पाहो. आता तुमी म्हनता थे तोंड त्यायचं नोतंच. मंग लावा दुसऱ्या बाईचा फोटो. पेंटरभाऊ, तुमच्यापाशी हसरी कोनी तयार असन तं द्या, तिलेच हार घालू."

पेंटर फोटोकडे पाहू लागला. असल्या घरगुती गोष्टींत पडायचं नाही, हे त्याच्या धंद्यात त्याला कळत असावं.

"तू उगी ऱ्हाय वं कला," अक्का म्हणाली. अक्का आमच्यात थोरली आणि शब्दाची पक्की. "तू आली तवा सगळं होऊन गेलं होतं. आमी पाह्यली ना माय. आमाले माहीत हाय, कशी होती."

"विमलबाईबी नोकोच म्हनून राह्यल्या."

"विमलले काय माहीत? थे झाली अन् मायचं हसू गेलं."

हे वाक्य अक्का रागानं म्हणाली नाही. आमच्या घरात ते रागानं कोणी म्हणत नसे. माझा जन्म कोणत्या साली, असं विचारलं तर कोणीतरी म्हणे, ज्या साली मायचं हसू गेलं त्या साली. आजीनं निदान केलं होतं, 'बाळंतवात', आणि आजीचं निदान कायद्यासारखं असे. माझ्या वेळचं बाळंतपण, माझ्या वेळची थंडी, माझ्या वेळी अंगाला लावायला कमी पडलेलं तेल. लहानपणी मला वाटायचं, हसू ही एखादी वस्तू असावी आणि येताना ती माझ्याबरोबर बाहेर पडून कुठेतरी हरवली असावी. मी ती धान्याच्या कोठीमागं शोधलीही होती.

"असं कायले बोलतं वं वच्छले?"

मावशी बोलत होती. आतापर्यंत ती दादाच्या बाजूनं मान हलवत होती. मला वाटलं, वहिनीला सोडून विमलवर का घसरलीस, असं ती अक्काला बोलेल. पण ती फोटोकडे, तिच्या कौशीकडे, पाहत होती.

"हिच्यानं कायचं जाते? कौशीचं थे पयलेपासूनच होतं. तिच्यात बसेल होतं. मानमोडीच्या साथीपासून."

"मानमोडी?" दादा म्हणाला. "थे तं म्हाताऱ्यायच्या गोष्टी."

"म्हातारीच हावो मी. तू जन्मेल नोता बे तवा. घरोघर लोक पडले होते. सकाळी ताप, संध्याकाळी मुडदा. नेनारे नाई उरले. आमचे दोन्ही काका एका दिवशी गेले. कौशीले बी ताप आला, मोठा. मान अशी ताठ. पन उतरला. सगळे म्हनले, पोरगी वाचली, देवाले नारळ फोडला." मावशीनं पदर नीट केला. "अन् मंग ते झोपली."

"झोपली म्हंजे?"

"झोपली म्हंजे झोपली. कापूस वेचून झाला, होळी आली, तरी झोपेलच. मेल्यावानी नाई. हाक मारली की ओ दे. नाव इचारलं तं नाव सांगे. अन् सांगता सांगता झोपे. घास तोंडात देल्ला की चावता चावता झोपे. आमची माय बोट घालून घास काढे, नरड्यात अडकन म्हनून. डोये अर्धे उघडे. रात्र झाली की मात्र टक्क जागी, अन् उगाच हातानं हवेत फुलं तोडे. कोनी म्हने भूत, कोनी म्हने देवी. मले सांगतलं होतं, तू लहान हायेस, तुले काई काम नाई, तू तिच्यापाशी बस अन् हाका मार. मी बसो. 'कौशे.' 'ओ.' 'कौशे.' 'ओ.' असं दिसभर. आवाज नाई आला की मी रडो, मंग ते बारीक ओ दे."

मावशी फोटोकडे पाहतच पुढे सांगू लागली.

"मंग उठली एक दिवस. भूक लागली म्हने. पयल्यासारखीच झाली. लगन झालं, वच्छले, तू झाली, उद्धव झाला. कोन इचारते मंग त्या झोपीले? म्याबी कोनाले सांगतलं नाई. झोपून राह्यलेली पोरगी म्हनलं असतं तं लगन झालं असतं का तिचं?"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा माझ्याकडे पाहत होते.

महाराष्ट्र झाल्याच्या दुसऱ्या वर्षी आम्ही दोघं मायला नागपूरला घेऊन गेलो होतो. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी तिला चालायला लावलं, हात धरून वाकवून पाहिले, नाकाच्या वर कपाळावर बोटानं टकटक केलं. मग आमच्याकडे न पाहता तिलाच विचारलं, बाई, लहानपणी कधी मोठा ताप आला होता? झोपून राहिला होतात? मायनं पुष्कळ वेळानं उत्तर दिलं. "हो. माही बहीन हाका मारे." मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. त्या वर्षांत जगभर मेंदूला सूज आणणारा एक ताप आला होता. तो मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या, साथीचाच होता की दुसऱ्या कुठल्या विषाणूचा, यावर अजून वाद आहे. त्यातून उठलेली माणसं बरी झाल्यासारखी वाटली, कामाला लागली, लेकुरवाळी झाली. आणि दहा-पंधरा वर्षांनी त्यांचं अंग गोठायला लागलं. चेहरा, हात, पाय, डोळे. "आतलं माणूस मात्र जागं असतं," ते म्हणाले, "हे घरी सगळ्यांना सांगा." त्यांनी गोळ्या दिल्या. त्यानं हात थोडा थांबला आणि तोंड कोरडं पडू लागलं. निघताना बाबांनी दारातून मागं वळून विचारलं होतं, "बाळंतपणाशी याचा संबंध?" डॉक्टर म्हणाले होते, "काही नाही."

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. बाबा वर्तमानपत्र वाचत होते आणि पान उलटत नव्हते.

"वच्छला," बाबा आता म्हणाले. त्यांचा आवाज अजून वर्गातल्यासारखा होता. "सुभद्राबाई म्हणतात ते खरं आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी हेच सांगितलं. त्या तापानं झालं. विमलचा त्यात काही दोष नाही. कधीच नव्हता."

"मंग सांगतलं काऊन नाई आतापर्यंत?" अक्काचा चेहरा उतरला होता. "आमी आपले म्हनतच राह्यलो."

"कोणाला सांगू? बाळंतवाताचं जिनं काढलं होतं ती माझी आई तर आधीच गेली होती. आणि..." बाबा माझ्याकडे वळले. "मला वाटलं, विमल सांगेल."

मला वाटलं होतं, बाबा सांगतील. पण तेवढंच नव्हतं. मी तोंड उघडलं असतं तर ते माझीच साक्ष मी दिल्यासारखं झालं असतं. शिवाय नागपूरहून येताना, शेगाव मागं पडलं तेव्हा, माझ्या मनात एक गोष्ट आली होती आणि ती मला आवडली नव्हती. दोष माझा नसेल, तर त्या हसण्याशी माझं काहीच उरत नव्हतं. अक्कानं ते पाहिलं होतं, दादानं पाहिलं होतं, मावशीनं, बाबांनी. माझ्या वाट्याला ते घालवल्याचा आळ तरी होता. तो सोडायचा म्हणजे माझे हात रिकामे व्हायचे.

अक्का सतरंजीवरून सरकत माझ्याजवळ आली. तिनं माझ्या पदराला लागलेला रवा झटकला; तो वहिनीचा होता, वाऱ्यानं आलेला.

"विमे," ती म्हणाली, "आमी आपली एक म्हन पडली होती म्हनून बोलो. मनात काई नोतं वं."

"माहीत आहे."

"पुस्तकातलं नोको बोलू माह्याशी. राग आला तं राग आला म्हन."

"नाही आला अक्का."

दादा उठला होता. तो फोटोसमोर उकिडवा बसला, मायच्या समोर, आणि पुन्हा डोक्यावरून हात फिरवत राहिला. मग वहिनीकडे न पाहता म्हणाला, "कप परत देत नसे म्हनतं तू?"

"आवडला की."

"मले नाई माहीत हे."

"तुमी कवा चहा देल्ला त्यायले?"

मावशी मोठ्यांदा हसली. बाबांच्याही ओठाचा कोपरा हलला. दादा मात्र नुसता मान हलवत राहिला, जणू कोणी त्याला हिशेब समजावून सांगत होतं आणि तो त्याला पटत होता. मग तो उभा राहिला.

"पेंटरभाऊ," तो म्हणाला, "विमल म्हनन तसं करा. म्याबी काई म्हनत नाई आता, अक्काबी नाई."

"नाई," अक्का म्हणाली. "तिचीच माय हाय. आमाले तं अर्धीच भेटली, तिले पुरी बीमारीची भेटली. तिनं ठरवावं."

"बस," मावशी म्हणाली.

पेंटरनं पेटी उघडली. आत रंगाच्या बारीक नळ्या होत्या, एक चिंधी, आणि पुठ्ठ्यात खोचलेले ब्रश. त्यानं एक बारीक ब्रश काढून ओठांनी त्याला टोक केलं.

"सांगा बाई," तो मला म्हणाला. "असंच ठेवू का हसरं करू? डोये खाली आनू का ऱ्हाऊ देऊ? ऊन हाय तवर रंग बरा दिसते."

सगळे माझ्याकडे पाहत होते. वहिनी तर आधीच जिंकल्यासारखी दारात उभी होती. असंच ठेवा, एवढंच मला म्हणायचं होतं. वाक्य तयार होतं. मी फोटोकडे पाहिलं. माझी माय होती ती, एकतीस वर्षं पाहिलेली. त्या न हलणाऱ्या चेहऱ्याला मी शाळेतल्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यालाच पहिला पगार दाखवला होता, आणि तापात तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी त्याच्याकडेच पाहत राहिले होते. पेंटर ब्रश धरून थांबला होता. मी अक्काकडे वळले. तिचा हात अजून माझ्या पदरावर होता.

"अक्का," मी म्हटलं, "मले नाई माहीत काय सांगू त्यायले. म्या कधी पाह्यलंच नाई, अन् लाज वाटे म्हनून तुमाले कोनाले इचारलंबी नाई. माय हसे कशी? तू दाखव न मले करून. एक डाव दाखव."